दोन पानांसाठी तेरावा फर्मा

आलं एकदाचं पुस्तक! प्रकाशन संस्था काढतोय म्हटल्यावर आई म्हणालेली, त्यापेक्षा काजूचं दुकान घाल. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या जुन्या गोव्यात आला आणि आम्ही मराठी कादंबरी छापायला कोल्हापूर गाठतोय, असो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, खर्च सगळा कागदाचा. पानं भरली १९४, फर्मा, म्हणजे छापून घडी घालायचा मोठा कागद, १६ पानांचा, म्हणजे फक्त दोन पानांसाठी तेरावा फर्मा! लेखिकेची पहिलीच कादंबरी, दोन पानं कमी करा म्हटल्यावर फोनवर गप्पच झाली, मग रात्रीत आजीच्या मरणाचा प्रसंग दोन पानं छाटून पाठवला आणि खरं सांगू, आता तो जास्त लागतो. पणजीत प्रकाशनाला धो धो पाऊस, खुर्च्या ४०, माणसं २३, त्यातली ४ आमच्याच घरातली. प्रती खपल्या १७. आईने पैसे देऊन घेतली.