फळ्यावरची नावं

शाळेचा सुवर्ण महोत्सव आहे, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी नाइटला होते, म्हणून आधी नाहीच म्हणलं. मग फळा आठवला. सातवी ब ची मी मॉनिटर, बाई बाहेर गेल्या की खडू घेऊन बोलणाऱ्यांची नावं लिहायची, परत बोलला की नावापुढे फुली. त्यातले निम्मे आज हे वाचतील, सॉरी हां सगळ्यांना.

बारावीनंतर नाशिकमध्येच जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला लागले, तेव्हा कोर्स साडेतीन वर्षांचा होता. वॉर्ड मॅनेजमेंट पाठ करून मार्क पण मिळवले, पण खरं काय ते बघितलं 2015 च्या सिंहस्थात. 18 सप्टेंबरचं शाही स्नान, वरून पाऊस, आणि रामकुंडाकडच्या रस्त्याला प्रथमोपचार केंद्रात आम्ही स्टुडंट. एक आजी चक्कर येऊन पडल्या तर आम्ही चौघी त्यांच्याच भोवती. सिस्टर आवाज न चढवता म्हणाल्या, "तू बीपी, तू शुगर, तू नातेवाईक शोध, आणि तू दारात थांब." दार माझ्या वाट्याला आलं, मला रागच आला. पाच मिनिटांत छातीवर हात धरून एक काका आले, ते मला सगळ्यात आधी दिसले, तेव्हा कळलं दारात का उभं केलं ते.

तरी पुढे एका हॉस्पिटलात शिफ्ट इनचार्ज झाले आणि आतली मॉनिटर जागी झालीच. एक ज्युनिअर सलाईनच्या बाटलीवर वेळ टाकायला विसरली, मी पेशंटसमोरच झापलं तिला. त्यानंतर आठच दिवसांनी इन्सुलिनचा घोळ.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन जातीच्या मिळतात, 1 मिलीत 40 युनिटची आणि 1 मिलीत 100 युनिटची. सिरिंज पण वेगळ्या, 40 ला लाल टोपी, 100 ला केशरी. त्याच ज्युनिअरने 100 ची बाटली घेतली आणि लाल टोपीच्या सिरिंजने 8 च्या रेषेपर्यंत भरलं, म्हणजे 8 च्या जागी 20 युनिट गेले. दहा मिनिटांत तिच्या लक्षात आलं होतं. पण मला बोलली नाही.

दहाच्या सुमाराला मावशी आल्या, "सिस्टर, 12 नंबरचे बाबा घामाने भिजलेत." शुगर 46, म्हणजे फारच खाली. डॉक्टरांना कॉल, शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज, मग रात्रभर शुगर तपासत बसलो. सकाळी बाबा चहात साखर कमी आहे म्हणून भांडत होते, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

पोरीला विचारलं, सांगितलं का नाहीस गं. खाली बघत म्हणाली, "तुम्ही परत सगळ्यांसमोर बोलला असता."

घटनेचा रिपोर्ट लिहायचा असतो, त्यात तिच्या नावाखाली मी माझंही नाव लिहिलं. त्या दोन सिरिंज त्याच दिवशी वेगवेगळ्या कप्प्यात ठेवल्या, आणि बाटली-सिरिंज दोघींनी बघितल्याशिवाय इन्सुलिन द्यायचं नाही असं ठरलं. आता शिफ्ट बदलताना पेशंटचा हँडओव्हर बेडपाशी झाला की नंतर नर्सिंग स्टेशनला मी आधी माझं सांगते, काय राहिलं, काय चुकलं. पहिले काही दिवस सगळ्या नुसत्या एकमेकींकडे बघायच्या.

मागच्या आठवड्यात पेठकडची एक नवीन मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "सिस्टर, माझ्याकडून चारचं अँटिबायोटिक राहिलं, साडेपाचला लक्षात आलं, डॉक्टरांना विचारून दिलंय." बस लेट आली सांगावं तसं. मी बरं म्हणलं आणि पुढचं सुरू केलं.