यू मस्ट, म्हणजे घ्या की

लेकीची नववीची सहामाही तोंडावर आली आणि मोडल ऑक्झिलरी, म्हणजे इंग्रजीतली कॅन-मस्टसारखी साहाय्यक क्रियापदं, शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वहीत तिनं रकाने पाडून ठेवलेले. कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे सक्ती, माइट म्हणजे कमी शक्यता. "पाठ झालंय पप्पा, फक्त विचारा." मी 'माइट'वर बोट ठेवलं आणि गप्पच बसलो. ह्या एका शब्दानं माझा अख्खा लॉट घालवलाय.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघतो. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी मेल लिहून लिहूनच आलेलं. नवीन होतो तेव्हा इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाला पंप हाउसिंगची सँपल पाठवली होती. त्याचं उत्तर आलं, 'यू माइट वाँट टू लुक अ‍ॅट द कोअर व्हेंटिंग.' माझ्या डोक्यात शाळेतला रकाना. माइट, म्हणजे कमी शक्यता. फोरमनला जाऊन सांगितलं, "सायेब म्हणतोय, वाटलं तर व्हेंटिंग बघा." फोरमन म्हणाला, "मला तर काय वाटंना." विषय संपला.

कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवलेला वाळूचा ठोकळा. त्याची वाळू धरून ठेवणाऱ्या बाइंडरचा गॅस बाहेर पडायला वाट, म्हणजे व्हेंटिंग, मिळाली नाही, की तो वितळलेल्या लोखंडात घुसतो. हे फौंड्रीतल्या नव्या पोरालाही ठाऊक असतं. लॉट बोटीनं गेला, तिकडं मशीनिंगला लावला आणि आतून ब्लो होल, म्हणजे गॅसची भोकं, निघाले. फोनवर गिऱ्हाईक ओरडला नाही, एवढंच म्हणाला, 'आय डिड मेन्शन इट.' सांगितलं होतं म्हणे! इंग्रज माणूस 'यू माइट वाँट टू' म्हणाला, की हातातलं काम टाकून ते करायचं, एवढं त्या दिवशी कळलं.

त्यानंतर मी पेटलो. पुढच्या ऑर्डरीला सुधारलेलं ड्रॉइंग हवं होतं, तर लिहिलं, 'यू मस्ट सेंड द ड्रॉइंग बाय फ्रायडे.' मनात मराठी होतं, शुक्रवारपर्यंत पाठवायला पाहिजे. आपलं 'पाहिजे' कुठंही खपतं हो. चहा पाहिजे, पोरगं शिकायला पाहिजे, आता निघायला पाहिजे. हवंय, करावं, करायलाच लागतंय, सगळं त्याच्या पोटात. मस्टच्या पोटात एवढी जागा नाही. आपण गिऱ्हाइकाला कॉलर धरून सांगितल्यासारखं होतं ते. उत्तर एका शब्दाचं आलं, 'नोटेड.' हल्ली मी 'वुड यू बी एबल टू' लिहितो. ड्रॉइंग गुरुवारीच येतं.

ड्रॉइंगच्या कागदावर मात्र हीच क्रियापदं एकदम कडक होतात. शाळेत 'आय शॅल, वी शॅल' घोकलेलं, म्हणजे भविष्यकाळ. आयएसओच्या मानकांत शॅल म्हणजे अट, पाळलीच पाहिजे. शुड म्हणजे शिफारस. मे म्हणजे मुभा, आणि कॅन म्हणजे शक्य आहे, इतकंच. 'शॅल बी फ्री फ्रॉम ब्लो होल्स' असं लिहिलेलं असलं, की एक भोकसुद्धा रिजेक्शनला पुरतं. म्हणजे गोऱ्या सायबाचा मेल पुळचट वाटला तरी सक्तीचा, आणि ड्रॉइंगवरचा शुड दिसायला ठणठणीत पण नुसता सल्ला. हे लेकीच्या रकान्यात कुठं बसवू?

पण तिनं मलाच पकडलं. "पप्पा, मला पोहता येतं आणि मी पोहू शकते, दोन्हीला कॅनच?" दोन्हीला कॅनच. आपल्याकडं पंचगंगेच्या घाटावर शिकलेलं पोहणं 'येतं'. पाय मुरगळला म्हणून आज 'शकत नाही'. इंग्रजीनं हा फरक पुसून टाकलाय. गंमत म्हणजे हा कॅन मुळात 'जाणणं' ह्या अर्थाचा, नो आणि आपलं ज्ञान ह्यांचा चुलतभाऊ. जुन्या इंग्रजीतही तो 'येतं'च्याच जवळ होता म्हणायचा. हे परीक्षेत लिहू नको, असं तिला बजावलं. आणि 'मस्ट नॉट' म्हणजे करायचं नाही, 'डोंट हॅव टू' म्हणजे नाही केलं तरी चालतं, एवढं मात्र दोनदा लिहून घेतलं. गणवेशाच्या नोटिशीत ह्यांची अदलाबदल झाली तर काय होईल, हे तिचं तिलाच सुचलं आणि हसत बसली.

तोच गिऱ्हाईक नंतर एकदा ऑडिटला कोल्हापुरात आला. दुपारी त्याला मटणाच्या थाळीला नेलं. तांबड्या रश्श्याला त्यानं चमचा लावला, डोळ्यांत पाणी आलं, तरी वाटी संपवली. वाढपी पांढऱ्या रश्श्याची किटली घेऊन डोक्यावर उभा. "घ्या की सायेब."

'व्हॉट इज ही सेइंग?'

आता 'की'ला इंग्रजी काय सांगू? मे म्हणावं, तर आम्ही परवानगी दिल्यासारखं होईल. कॅन म्हणावं, तर त्याच्या पोटाच्या ताकदीचा प्रश्न. वुड यू लाइक फारच कोरडं, आणि ते म्हटलं तर तो 'नो, थँक यू' म्हणणार, हे नक्की. त्या मेलपासून जो शब्द मी जिभेवर येऊ दिला नव्हता, तोच आला.

'ही सेज, यू मस्ट.'

त्यानं माझ्याकडं बघितलं, वाढप्याकडं बघितलं. 'वेल, इफ आय मस्ट,' म्हणाला आणि वाटी पुढं केली.