माझ्या वाटणीची प्रार्थना

नोव्हेंबर संपत आला की सिंधुदुर्गातील निरनिराळ्या चर्चमधून भाविकांचे जथे जुन्या गोव्याकडे पायी निघतात. संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण ३ डिसेंबरला असतो आणि त्याआधी, २४ नोव्हेंबरपासून, जुन्या गोव्यात नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालते. सण जवळ आला की लोक नवस फेडायला, नवस बोलायला किंवा केवळ चालायला म्हणून बाहेर पडतात. आषाढीच्या दिंडीला निरोप देणारे आमचे शेजारीच या दिवसांत आमच्या हातावर केळी आणि पाण्याच्या बाटल्या ठेवतात, आणि ‘सायबाला आमचाही नमस्कार सांगा’ असे मनापासून म्हणतात.

माझ्या पतींना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, त्या वर्षी मी या वाटेने पायी गेले. आमच्या जिल्ह्यात मोठे दुखणे आले की माणसे गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात धाव घेतात. आम्हीही बांदा, पत्रादेवी, पेडणे, म्हापसा असा तो रस्ता रुग्णवाहिकेतून आणि गाडीतून अनेकदा पार केला होता. शेवटी डॉक्टरांनी अतिशय सौम्य शब्दांत सांगितले की आता उपचार केवळ वेदना कमी करण्यापुरते उरले आहेत आणि त्यांना घरी ठेवणेच योग्य होईल. त्यानंतर माझी प्रार्थना थांबली. देव नाही असे मला कधीच वाटले नाही. तो आहे, सारे पाहत आहे आणि तरीही गप्प आहे, असे वाटत होते, आणि जन्मापासून चर्चच्या छायेत वाढलेल्या बाईला याहून कठीण काही नसते. संध्याकाळी जपमाळ हातात घेतली की पहिल्या मण्यावरच माझा आवाज बंद होत असे. पदयात्रेला जाण्याचा आग्रह यांनीच धरला. नणंद येऊन त्यांच्याजवळ राहिली आणि मी निघाले, ते त्यांचे मन मोडवेना म्हणून.

सावंतवाडीहून आम्ही अंधार असतानाच निघालो. इन्सुलीचा घाट उतरेपर्यंत उजाडले आणि त्याच सुमारास जपमाळ सुरू झाली. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. जपमाळेतील ‘नमो मारिया’ ही प्रार्थना दोन भागांची असते. पहिला भाग एक जण म्हणतो आणि ‘पवित्र मारिये, देवाच्या माते’ हा दुसरा भाग बाकीचे सारे मिळून म्हणतात. अशा दहा प्रार्थनांचा एक दशक, असे पाच दशक, आणि प्रत्येक दशकाबरोबर ख्रिस्ताच्या जीवनातील एका प्रसंगाचे, म्हणजे एका रहस्याचे, मनन. तो शुक्रवार होता, म्हणून दुःखाची रहस्ये होती, आणि त्यांतले पहिलेच रहस्य गेथशेमाने बागेतील ख्रिस्ताच्या यातनेचे. हा प्याला माझ्यापासून दूर कर, अशी त्याने पित्याकडे केलेली विनवणी मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तो प्याला दूर झाला नाही, ही गोष्ट माझ्या आत उतरली ती त्या रस्त्यावर, बाजूने मालवाहू ट्रक जात असताना.

दशक सांगण्याची पाळी माझ्यावर आली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या पुढे चालणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी मागे वळून पाहिले आणि त्या म्हणाल्या, “तू गप चल गे. तुझा आमी म्हणतंव.” आणि खरोखरच त्यांनी माझा पहिला भाग म्हटला, जथ्याने दुसरा म्हटला, आणि मी मधोमध मुकाट्याने चालत राहिले. कोणी मला धीर धर म्हटले नाही, देवाची इच्छा वगैरे समजावले नाही. दुःखात असलेल्या माणसाला उपदेश करणाऱ्यांनी एकदा तरी अशा जथ्यात चालून पाहावे, असे मला तेव्हापासून फार वाटते.

तेरेखोल नदीवरचा बांद्याचा पूल, पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक, धारगळचा लांब रस्ता, कोलवाळचा पूल हे सारे मागे पडत गेले. रात्री म्हापशाच्या अलीकडे मुक्काम होता. पायांचे फोड धुऊन झाल्यावर आमच्याबरोबर चालणाऱ्या फादरांनी मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला. कफर्णहूम गावी येशू ज्या घरात होता तिथे दारापर्यंत गर्दी झाली होती, म्हणून चौघांनी आपल्या पक्षाघाती सोबत्याला छपरावर नेले, छप्पर उघडले आणि त्याला खाटेसकट खाली सोडले. लूकच्या शुभवर्तमानात तर कौलांचाच उल्लेख आहे, आणि कोकणातल्या माणसाला कौले काढणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. या कथेत तो आजारी माणूस एक शब्दही बोलत नाही. येशू विश्वास पाहतो तो त्याला घेऊन आलेल्यांचा. मी ही कथा असंख्य वेळा ऐकली होती आणि प्रत्येक वेळी बरे होऊन उठणाऱ्या माणसाकडे पाहिले होते; त्या रात्री माझे सारे लक्ष खाटेचे चार कोपरे धरणाऱ्यांकडे गेले. आपला विश्वास संपला तरी आपण देवाच्या पुढ्यात पोचू शकतो, कारण इतरांचा विश्वास आपल्याला तिथे नेतो, आणि ख्रिस्त तो विश्वास आपल्यासाठी ग्राह्य धरतो, हे मला मान्य झाले.

दुसऱ्या दिवशी पर्वरीहून मांडवी ओलांडली आणि पणजीहून रायबंदरकडे जाणाऱ्या जुन्या बांधावर लागलो. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला हा रस्ता सुमारे तीन किलोमीटर लांब आहे, बाजूला मिठागरांचे पाणी असते आणि सावली फारशी नसते. तिथे मी जपमाळेचा दुसरा भाग इतरांबरोबर म्हणू लागले. पहिला भाग एकटीने म्हणण्याचे बळ अजून नव्हते, आणि कोणी तशी अपेक्षाही केली नाही.

जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकात, त्या मोठ्या चर्चमध्ये, संत झेवियर यांचे अवशेष चांदीच्या पेटीत, उंच संगमरवरी चौथऱ्यावर आहेत. दर दहा वर्षांनी होणाऱ्या दर्शनसोहळ्यातच ते खाली आणले जातात, त्यामुळे आम्ही मान वर करूनच पाहिले. भारत, मलाक्का आणि जपान पायाखाली घातलेला हा माणूस चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर अडकला. पलीकडे नेण्याचे कबूल केलेला व्यापारी आलाच नाही. थंडीत, तापाने फणफणत, एका झोपडीत १५५२ च्या ३ डिसेंबरला त्यांनी देह ठेवला तेव्हा वय अवघे ४६ होते आणि जवळ अंतोनियो नावाचा एक चिनी तरुण तेवढा होता. ज्यांच्याकडे आपण नवस बोलतो त्यांची स्वतःची शेवटची मागणी अपुरी राहिली होती, आणि तरीही मुखात येशूचे नाव होते. तिथे उभी राहून मी पतींसाठी आयुष्य मागितले. ते मागणे सोडावे असे मला आजही वाटत नाही. ख्रिस्तानेही बागेत आधी मागितले होते.

घरी परतल्यावर यांनी विचारले, “काय मागितलंस?” मी सांगितले. ते हसले आणि जपमाळ आणायला म्हणाले. त्या दिवसापासून पहिला भाग मी म्हणत असे आणि दुसरा ते. पुढे त्यांना बोलवेनासे झाले तेव्हा दोन्ही भाग मी म्हणू लागले, आणि ते माझ्या हातातल्या मण्यांवर बोट ठेवून असत. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात त्यांनी देह ठेवला. दफनानंतर घरी रोज संध्याकाळी प्रार्थना झाली, तेव्हा पदयात्रेतील मंडळी न चुकता येत होती. मावशी दुसऱ्या भागासाठी थांबत आणि पहिला भाग मी म्हणत असे.