तुम्ही विचारलंत म्हणून: बडग्याची पाटी का सोडली

पोळा आठ दिवसांवर आला की कोणी ना कोणी विचारतंच, "काका, पाट्या लिहिणं काऊन सोडलं?" पाट्या म्हणजे बडग्याच्या. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचे पुतळे मिरवून जाळतात, सोबत टिंगलीचे पुतळे असतात ते बडगे. काहीजण उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात. फ्लेक्स आला, पेंटरचं पोट गेलं. पोलिसांनी दम दिला. एक तर तोंडावर म्हणाला, "भ्याले तुम्ही." आणि मागच्या वर्षी एका शिकलेल्या बाईंनी 'तुमच्यात परिवर्तन झालं' म्हणून माझं कौतुक केलं. सगळ्यात जास्त राग मला त्याचा आला. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

फ्लेक्सने धंदा खाल्ला हे खरं. पण बडग्याच्या पाटीचे मी कधी पैसे घेतलेच नाहीत. चहा, सांबारवडी आणि मारबतीच्या मिरवणुकीत पुढे चालायचा मान, एवढ्यावर भागायचं. पोलिसांनीही कधी हटकलं नाही. वीस-बावीस वर्षांत आमदार, मंत्री, महापालिका, कांदा, पेट्रोल, कोणालाच सोडलं नाही मी. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली नागपूरच्या भोसल्यांची बाकाबाई, असं आमच्याकडे सांगतात. राजघराण्यातल्या बाईला वर्षानुवर्षं भर रस्त्यातून ओढत नेऊन जाळणारं हे गाव आहे. इथे मला कोणी बोलण्याचं स्वातंत्र्य शिकवू नये. ते मला आजही हवंच आहे, हे आधी लिहून ठेवा.

आता 2017. डोकलाममध्ये सैन्य समोरासमोर उभं होतं, गल्लीत चिनी मालावर बहिष्काराची हवा होती. मंडळाच्या पोरांना चीनचा बडग्या करायचा होता. पाटी अर्थात माझ्याकडे. चार बाय तीनचा प्लाय, पिवळी जमीन, लाल इनॅमल. ओळ मला पाच मिनिटांत सुचली. 'चपट्या नाकाचा' अशी सुरुवात, पुढे माल आणि हाल यांचं यमक, शेवटी 'घेऊन जा गे मारबत'. पूर्ण देत नाही. पुन्हा कोणाच्या तोंडात बसायला नको. कोपऱ्यात जागा उरली म्हणून एक चेहरा काढला. डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा, एकेका फटकाऱ्यात. पोरं हसून हसून लोळली. मीही.

मिरवणूक झोकात झाली. बडग्या जळाला. पाटी मात्र जळाली नाही. चांगला प्लाय जाळायला कोणाचा जीव होईना.

आमच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर दोन मुली भाड्याने राहायच्या. मणिपूरकडच्या, एका खासगी दवाखान्यात नर्स. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो तर त्यांतली एक रात्रपाळीहून येत होती. खांद्याला बॅग, हातात दुधाची पिशवी. फाटकाशी येऊन थांबली. फाटकाला तारेने पाटी बांधलेली. माझी पाटी. मला वाचायचीही गरज नव्हती. माझ्या 'ट'च्या पोटाला जो झोल असतो तो रस्त्याच्या या कडेवरून दिसत होता.

तिने मलाच हाक मारली. "भैया, इसमें क्या लिखा है?"

मराठी तिला वाचता येत नव्हतं. आणि मी पेंटर, समोर उभा, तिला दुसरं कोण सांगणार? मी म्हणालो, "कुछ नहीं, चायना के माल का बहिष्कार है. त्योहार का बोर्ड है." खोटं नव्हतं ते. म्हणजे शब्दाला धरून खोटं नव्हतं.

ती बराच वेळ पाटीकडे बघत राहिली. मग बोटाने कोपरा दाखवून म्हणाली, "और ये?"

मी काहीच बोललो नाही. तिने पिशवी खाली ठेवली आणि तार सोडवायला लागली. पिळे घट्ट होते, निघेनात. मी दुकानातून पक्कड आणली. तिने धरलं, मी तार तोडली. इनॅमल नीट वाळलेलं नव्हतं, तिच्या अंगठ्याला लाल लागला. मी टर्पेंटाइनची चिंधी पुढे केली. तिने अंगठा पुसला, "थँक यू भैया" म्हणाली आणि वर गेली. ती पाटी मी रंगवली हे तिला कळलं होतं का? दुकानात लाल डबा उघडाच होता. हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारलाय, मोजलं नाही.

महिन्याभरात त्यांनी खोली सोडली. घरमालक म्हणाला पाण्याचा त्रास होता. पाण्याचा त्रास होताच, आम्हालाही होता. पण त्या महिन्यात गल्लीच्या तोंडाशी बसणारी पोरं त्यांना बघून माझीच ओळ म्हणायची, चालीवर. यमक पक्कं होतं ना.

भाचा वकील आहे. त्याला म्हटलं, या पोरांवर काही होऊ शकतं का? (पोरांवर म्हटलं, माझ्यावर म्हटलं नाही.) तो म्हणाला, ईशान्येकडच्या माणसाला 'चिंकी' म्हटलं तर अॅट्रॉसिटी कायदा लावा, असं केंद्राने 2012 मध्येच राज्यांना कळवलंय, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पण मुलगी अनुसूचित जाती-जमातीची असली तरच. नागा असेल तर लागेल, मैतेई असेल तर बहुतेक नाही. शिवी तीच, नाक तेच, पण कलम दाखला बघून. 2014 मध्ये दिल्लीत लाजपतनगरला केसांवरून चिडवण्यातून अरुणाचलच्या नीडो तानिया या विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि तो गेला, तेव्हा केंद्राच्या बेझबरुआ समितीने स्वतंत्र कलम सुचवलं होतं, असंही तो म्हणाला. नीडोची बातमी मी वाचली होती. हळहळलो होतो. तीन वर्षांनी ब्रश घेतला तेव्हा ती हळहळ कुठे गेली होती, विचारू नका.

विचाराल तर सांगतो: चीन सरकारवर लिहिलं होतं, त्या मुलींवर नाही. घटनेतलं बोलण्याच्या स्वातंत्र्याचं एकोणीस एक (अ) मलाही पाठ आहे. टिंगल करताना नाकडोळे येणारच. मी आमच्या आमदाराचं पोट किती वेळा काढलंय!

पण हेही खरं की जातीवरचा शब्द मी जन्मात पाटीवर घेतला नाही. दीक्षाभूमीच्या रस्त्यावरचे भोजनदानाचे फलक मीच रंगवायचो, कोणता शब्द कुठे झोंबतो हे मला पक्कं ठाऊक. तो शब्द टाळला तो चांगुलपणाने की मार बसेल म्हणून? 2017 पर्यंत मी चांगुलपणा म्हणायचो. आमदाराचे कार्यकर्ते असतात, वस्तीला वस्तीचा जोर असतो. त्या दोघींना नागपुरात दोघीच होत्या.

जानेवारी 2021 मध्ये सिडनीत क्रिकेटच्या मॅचमध्ये सिराजला प्रेक्षकांनी वर्णावरून शिव्या घातल्या तेव्हा पानठेल्यावर सगळे पेटले होते. "ह्या गोऱ्यायले आत टाका." त्यात ती ओळ चालीवर म्हणणारा एकजण होता. मी पान घेतलं आणि घरी आलो. त्याला काय बोलणार, ओळ माझीच.

पाटी अजून माळ्यावर आहे, भिंतीकडे तोंड करून. प्लाय चांगला आहे.

यंदा मंडळाचा एक पोरगा आला. म्हणाला, "काका, खड्ड्यांवर बडग्या आहे, कोणाले लागणार नाही. फ्लेक्सले ती मजा नाही." मोबाईलवर ओळ दाखवली. ओळ बरी होती, दुसऱ्या चरणात एक मात्रा जास्त होती. ती मी सुधारून दिली. रंगवाल का म्हणाला, तर उद्या सांगतो म्हटलं. त्याला चार दिवस झाले.