खरवडलेला काना

सटाण्याहून पहाटेच्या एसटीने निघालेले गुरुजी साडेनऊला दुकानात आले, तेव्हा मी नुकतं शटर वर केलं होतं. नाशिकमधल्या अशोकस्तंभाजवळच्या आमच्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करून देण्याच्या, दुकानात इतक्या सकाळी लेखक येत नाहीत. लग्नपत्रिकावाले येतात, पतसंस्थेच्या अहवालाची घाई असलेले येतात. गुरुजींनी पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि श्रेयपानावर बोट ठेवलं. ‘अक्षरजुळणी’ या शब्दापुढे आमच्या दुकानाचं नाव होतं.

“ताई, हे तुम्हीच केलेलं ना?”

२०१८ सालचं पुस्तक. बागलाणातल्या अहिराणी लोककथा, १६० पानं. काम प्रकाशकाकडून आलं होतं, लेखकाला मी कधी पाहिलंही नव्हतं. बहुतेक कामं तशीच येतात.

त्यांनी खूण घातलेलं पान उघडलं. आईने सांगितलेली एका मुलीची गोष्ट. एका ओळीत ‘मनी आंडेर शे’ असं होतं, पण त्या ‘डे’च्या बाजूचा कागद विरल्यासारखा झाला होता. उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसेल इतका.

“काना होता तिथे. ब्लेडने खरवडला.”

अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. छापलेल्या पुस्तकात त्या गोष्टीत सगळीकडे आंडोर झालं होतं. काना काढला की मुलगी परत येते. एका प्रतीत एक्केचाळीस ठिकाणी. गुरुजींना प्रकाशकाने शंभर प्रती दिल्या होत्या, त्यांतल्या त्रेसष्ट त्यांनी अशा दुरुस्त केल्या. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि काम थांबलं.

मला लगेच आठवलं असं म्हणणार नाही. माळ्यावर जुन्या प्रुफांचे, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेल्या पानांचे, गठ्ठे असतात. ते मी टाकत नाही, कारण चूक कोणाची यावरून पैसे अडकतात. दुपारपर्यंत गठ्ठा सापडला. दुसऱ्या प्रुफावर प्रकाशकाच्या मुद्रितशोधकाने लाल पेनाने लिहिलं होतं : ‘आंडेर/आंडोर, सर्वत्र एकच रूप ठेवावे.’ त्याला ती टंकनाची चूक वाटली. आणि मी शोधा-बदला करून एका झटक्यात एक्केचाळीस मुली पुसल्या. ‘मनी’, म्हणजे ‘माझी’, हे स्त्रीलिंगी रूप शेजारी तसंच उभं होतं. ‘मनी आंडोर’ वाचून मला काही खटकलं नाही, कारण मी वाचतच नव्हते. माझं निम्मं गिऱ्हाईक कसमादेतलं, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याच्या अहिराणी पट्ट्यातलं आहे. कोणालाही एक फोन केला असता तरी उत्तर मिळालं असतं.

गुरुजींनी फक्त पहिलं प्रूफ पाहिलं होतं. दुसरं त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. हे मात्र मी तेव्हापासून आजवर शंभर वेळा पाहिलं आहे. शेवटच्या प्रुफावर, प्रत्येक पानावर लेखकाची सही हवी आणि त्या सहीशिवाय फाइल प्रेसला जाता कामा नये. करारात एवढं एक वाक्य घालायला कोणाचे पैसे पडत नाहीत. लेखक अर्पणपत्रिकेतल्या एका स्वल्पविरामासाठी माझ्याशी तासभर वाद घालतात, आणि करार मात्र चहा येईपर्यंत सही करून मोकळे होतात.

“तेव्हाच का नाही बोललात, गुरुजी?”

“हक्क त्यांना लिहून दिलेले. मग मी कोण?”

हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. त्यांच्याच जुन्या शाळेने हस्तलिखित अंकात एक गोष्ट घ्यायची परवानगी मागितली होती, तर हे ‘माझ्या हातात नाही’ म्हणाले. स्वतःच्या आईची गोष्ट.

करार बरोबर आणला होता. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर दीड पान. लेखकाने ७२,००० रुपये द्यायचे, त्यात ‘आयएसबीएन शुल्क’, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, ४,०००. ५०० प्रती छापायच्या, १०० लेखकाला, विक्रीवर दहा टक्के मानधन. आणि शेवटी ‘पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील’. सात वर्षांत हिशेबाचा एक कागद आलेला नव्हता. आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही देते, अर्ज ऑनलाइन करायचा. त्याचे पैसे लावलेले पाहिले की माझा संताप होतो. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणं हा गुन्हा नाही, मीही अशी कामं करते. पण छपाईचा खर्च लेखकाने सोसायचा आणि हक्कही त्यानेच सोडायचे, हा व्यवहार मला मान्य नाही.

सीबीएस बसस्थानकासमोरच्या कोर्टात बसणारे एक वकील आमच्याकडे पुस्तिका छापून घेतात. जेवणाच्या सुट्टीत मी गुरुजींना घेऊन तिथे गेले. वकिलांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “मुदत कुठे आहे?” मुदत नव्हतीच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करार जून २०१८चा. म्हणजे जून २०२३मध्येच हक्क गुरुजींकडे परत आले होते. ‘कायमस्वरूपी’ एवढा एक शब्द घातला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. वकिलांनी कलम ५७ही दाखवलं : हक्क विकले तरी लेखकाच्या नावाला बाध येईल अशी मजकुराची मोडतोड झाली, तर लेखक दाद मागू शकतो. म्हणजे पहिल्या दिवशीसुद्धा बोलायची सोय होती. गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दोन वर्षं झाली म्हणजे.”

प्रकाशकाला रजिस्टर्ड पत्र गेलं आहे. शिल्लक प्रती किती, विकल्या किती, मानधनाचं काय. उत्तर अजून नाही.

दुकानात परतल्यावर, पुस्तक पुन्हा छापायचं म्हणून, प्रश्न आला जुन्या फाइलचा. आमच्या धंद्यात रीत अशी की ज्याने बिल भरलं त्याची फाइल. बिल प्रकाशकाने भरलं होतं, गुरुजींच्याच ७२,०००मधून. फाइल द्यावी की नाही, याचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही. शेवटी ती वापरलीच नाही. तशीही ती जुन्या पेजमेकर सॉफ्टवेअरमधली, जुन्या फॉन्टमधली. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाणित टंकपद्धतीत, नेली की सगळ्यात आधी मोडतो तो अर्धा र. अहिराणीतलं ‘ऱ्हायना’ पानोपानी येतं आणि प्रत्येक ठिकाणी त्या र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर चढतो. गुरुजींच्या वह्या होत्या. त्यांवरून पुन्हा टाइप करायला घेतलं. तेव्हा कळलं की मुद्रितशोधकाने ‘अठे’, ‘तठे’चंही कित्येक ठिकाणी ‘इथे’, ‘तिथे’ केलं होतं.

पैशाचं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. डिजिटल छपाईत २०० प्रती काढल्या तर एक प्रत १०५ रुपयांना पडते. किंमत २२० ठेवली आणि पुस्तकाच्या दुकानाला चाळीस टक्के सोडले, तर हातात १३२ येतात, म्हणजे एका प्रतीमागे सत्तावीस रुपये. तेच पुस्तक शाळेत, कार्यक्रमात स्वतः विकलं तर ११५ सुटतात. म्हणून आधी दोनशेच छापा, त्या संपल्या की पुढच्या, ५०० चा ढीग घरात नको. पावतीपुस्तक ठेवा. टाइप केलेल्या मजकुराची आणि मुखपृष्ठाची फाइल पेनड्राइव्हवर माझ्याकडून मागून घ्या, मी विसरले तरी मागा. गुरुजींनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं, वर्गात फळ्यावरचं मुलं उतरवतात तसं.

संध्याकाळच्या गाडीआधी ती गोष्ट टाइप करून झाली. ते वाचत होते, मी टाइप करत होते. शेवटी ‘आंडेर’ शोधून मोजलं. बेचाळीस. एक जागा पहिल्या पुस्तकासाठी त्यांच्या वहीतून उतरवतानाच सुटली होती, तीही त्या दिवशी सापडली.

ते गेल्यावर मी त्याच प्रकाशकाचं फोल्डर उघडलं. मी केलेली चौतीस पुस्तकं. प्रत्येकाच्या श्रेयपानावर ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’, आणि ती ओळ मी पहिल्या पुस्तकातून पुढच्यांत चिकटवत गेलेली. नऊ लेखकांचे नंबर माझ्याकडे आहेत. काल फोन करायला घेतले. पहिला लागला नाही. दुसरा एका बाईंनी उचलला. पुस्तकाचं नाव काढताच त्यांनी घाबरून विचारलं, “काही पैसे भरायचे राहिलेत का?”