मोरीतल्या वासाचा माग

मोरीतून वास येऊ लागला की बहुतेक घरांत आधी फिनाईलची बाटली उघडली जाते आणि मग बेसिनच्या जाळीवर डांबराच्या गोळ्या पडतात. या दोन्हींमुळे दुर्गंध जात नाही, फक्त झाकला जातो, आणि थोड्या वेळाने नाकाला दोन्ही वास एकदमच सोसावे लागतात. माझ्या मते वास घालवण्याआधी तो नेमका कोणत्या तोंडातून येतो हे शोधणे हेच खरे काम आहे. त्यासाठी रात्री निजण्यापूर्वी प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी भरून, त्यांना गाठ मारून, न्हाणीघर, ड्राय बाल्कनी आणि स्वयंपाकघर येथील प्रत्येक जाळीवर एकेक पिशवी ठेवावी. सकाळी एकेक पिशवी उचलत गेले की जी उचलताच वास येतो, तिथला गुन्हेगार सापडतो.

सांडपाण्याच्या प्रत्येक तोंडाखाली एक ट्रॅप असतो. त्यात कायम साचून राहणारे थोडे पाणीच गटारातील हवा घरात येऊ देत नाही. चांगल्या ट्रॅपमध्ये या पाण्याची खोली साधारण 50 मिलिमीटर असते. आपल्याकडच्या अनेक न्हाणी ट्रॅपमध्ये जाळीखाली एक उलटी वाटी बसवलेली असते आणि तिची कड पाण्यात बुडालेली असते. केस आणि साबणाचा लगदा अडकून पाणी संथ उतरू लागले की साफसफाई करणारा ही वाटी काढून बाजूला ठेवतो. पाणी झटकन जाते, घरचे खूश होतात आणि दोन-चार दिवसांत वास सुरू होतो. म्हणून जाळी उचलून वाटी जागेवर आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. वाटी असेल, तर ती काढून आतील काळा, बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने खरवडून काढावा. हा थर जिवाणूंचा असतो, आणि सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू अशाच थरांत तयार होतो. वरून ओतलेले सुगंधी द्रव त्यावरून नुसते वाहून जातात.

पाहुण्यांच्या न्हाणीघराची गोष्ट वेगळी असते. तिथे कोणी आंघोळच करत नाही, त्यामुळे ट्रॅपमधले पाणी उन्हाळ्यात आटून जाते. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतले तरी पुरते. महिनाभर गावाला जायचे असेल तर पाणी भरल्यावर त्यावर चमचाभर गोडेतेल सोडावे, म्हणजे ते सहजासहजी आटत नाही. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण 2003 साली हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या साथीच्या रोगाची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा न्हाणीघरांतील कोरडे पडलेले ट्रॅप आणि त्यांतून हवा खेचणारे एक्झॉस्ट पंखे हे तपासात एक प्रमुख कारण ठरले होते.

स्वयंपाकघरातील सिंकचा वास मात्र बहुधा तुपातेलाचा असतो. खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठते, तसेच ते पाइपातही गोठते आणि त्यावर चहाचा चोथा व भाताची शिते चिकटतात. खरकटी भांडी आधी कागदाने पुसून घ्यावीत आणि आठवड्यातून एकदा धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून ओतावा. पाणी उकळते नको, कारण पीव्हीसीचे पाइप त्याने मऊ पडतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा व्हिडिओतील प्रयोग दिसायला छान असतो. परंतु आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात, त्यामुळे फेस ओसरल्यावर हाती फारसे काही उरत नाही. घातक ठरतो तो ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड एकत्र करण्याचा उद्योग. त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना इजा करू शकतो.

सिंकखालचे कपाट उघडून आणखी एक गोष्ट पाहावी. तिथला घडीदार प्लास्टिकचा पाइप भिंतीतील किंवा जमिनीतील मोठ्या पाइपात नुसताच खुपसलेला असतो आणि भोवती बोटभर फट राहते. त्या फटीतून वास येतोच, शिवाय झुरळेही येतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी रबरी रिंग बसवून फट बंद करावी. वॉशिंग मशीनच्या पाइपालाही हाच उपाय लागू पडतो.

हे सर्व करूनही, वरच्या मजल्यावर फ्लश केला की आपल्या न्हाणीत गुडगुड होत असेल आणि त्यामागोमाग वास येत असेल, तर दोष बहुधा इमारतीच्या व्हेंट पाइपात, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपांत हवा यावी म्हणून गच्चीपर्यंत नेलेल्या पाइपात असतो. हवा आत यायला वाट मिळाली नाही की वरून वेगाने उतरणारे पाणी आपल्या ट्रॅपमधले पाणी ओढून नेते. अशा वेळी सोसायटीच्या समितीला सांगून गच्चीवरील पाइपाची तोंडे पाहून घ्यावीत. वॉटरप्रूफिंग करताना कोणीतरी त्यावर सिमेंट थापलेले असते किंवा पक्के टोपण बसवलेले असते. डासांसाठी त्यावर जाळी चालते, टोपण चालत नाही.