ईस्टरला पोर्तुगालमध्ये, मिन्योतल्या एका घरी

ईस्टरला पोर्तुगालला निघालात की जो तो तुम्हाला उत्तरेकडच्या मिन्यो प्रांतातल्या ब्रागा शहराच्या मिरवणुका बघायला सांगेल. जरूर बघा. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी रात्री काळे झगे घातलेली, तोंडावरून काळं कापड ओढलेली अनवाणी माणसं लाकडी खडखडी वाजवत आणि पेटते पलिते उंच धरून निघतात. त्यांना फारिकोको म्हणतात, आणि फोटो सगळे त्यांचेच काढतात. पण कोणाच्या घरी राहायची सोय होत असेल तर माझं सांगणं वेगळं आहे. रविवारी सकाळी शहरात थांबू नका. गावात, त्या घरात असा, आणि त्या दिवशी दुसरा कुठलाही बेत ठेवू नका.

माझी मावसबहीण पोर्तोत नोकरी करते. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर ब्रागाच्या उत्तरेला, पोंत द लीमाच्या वाटेवरच्या एका खेड्यात. 2025 च्या ईस्टरला मैत्रीण घरी जाणार होती, तिने आम्हा दोघींनाही चला म्हटलं. पोर्तोच्या साव बेंतू किंवा कांपान्या स्टेशनवरून ब्रागाला लोकल गाडी तासाभरात पोहोचते. पोर्तोच्या विमानतळावरून थेट बसही आहे. खरी अडचण ब्रागाच्या पुढे सुरू होते. गावाकडच्या बस सणासुदीला नावापुरत्याच धावतात, त्यामुळे न्यायला कोण येणार, किती वाजता, हे आधीच पक्कं करा. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलो. गुड फ्रायडेला देशभर सुट्टी असते, दुकानंही बरीच बंद. जे काही न्यायचं ते गुरुवारीच घेऊन ठेवलेलं बरं.

भेटवस्तू काय न्यावी? पेढे, बर्फी, श्रीखंड अजिबात नको. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने आणायला बंदी आहे, विमानतळावर सापडले तर टाकून द्यावे लागतात. आम्ही काजू, वेलची आणि गुळाची चिक्की नेली. चिक्की काकांनी कॉफीबरोबर संपवली. (मैत्रिणीच्या आई-वडिलांना काका-काकू म्हणणं हे आमच्या मनातलं. तोंडाने म्हणताना वडीलधाऱ्या बाईंना नावाआधी ‘दोना’ आणि पुरुषांना ‘सेन्योर’. थेट एकेरीवर येऊ नका, तिथल्या खेड्यात ते खटकतं.) पैशाचं पाकीट पुढे करू नका, राग येईल. घरातलं काम मात्र मागून घ्या.

आणि काम भरपूर असतं. मिन्योत ईस्टरआधी घर धुऊन-पुसून काढतात, दाराला रंगाचा हातही देतात. शनिवारी संध्याकाळी काकूंनी आम्हाला टोपली देऊन परसात पाठवलं. कॅमेलियाची झाडं तिथे हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत फुलत असतात. झाडाखाली पडलेली तपकिरी पडलेली फुलं सोडून द्यायची, फांदीवरची टवटवीत तेवढी घ्यायची आणि देठ धरून पाकळ्या सुट्या करायच्या. लाल वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या. सोबत रोजमेरीच्या आणि बडीशेपेच्या झाडाच्या काड्या. रात्री हे सगळं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं.

रविवारी सकाळी फाटकापासून उंबऱ्यापर्यंत हिरव्या काड्या आणि त्यावर पाकळ्या अंथरल्या, दार सताड उघडं ठेवलं. ज्या घराचं दार बंद, तिथे मंडळी थांबत नाहीत. मंडळी म्हणजे कोंपासो. चर्चमधून फुलांनी सजवलेला क्रूस घेऊन लाल झगे घातलेले पाच-सहा जण घरोघरी निघतात. एकाच्या हातात घंटा, एकाकडे पवित्र पाण्याचं भांडं, एकाकडे घरोघरी मिळणारी दानाची पाकिटं ठेवायची पिशवी. गावं खूप आणि पाद्री थोडे, म्हणून बरेचदा पाद्रीबुवा नसतातच, गावातलीच माणसं क्रूस आणतात. आमच्याकडे पुढे होत्या त्या बाई आदल्या दिवशी गावातल्या कॅफेत कॉफी देत होत्या!

आधी लांबून फटाक्याच्या बाणांचे बार ऐकू येतात, मग घंटा, आणि मग घरात एकच धांदल. काकूंनी अॅप्रन सोडून खुर्चीमागे फेकला आणि काकांना केस सारखे करायला लावले. मंडळी आत आली, ‘आलेलुया’ म्हणाली, घरभर पाणी शिंपडलं. मग घरातले सगळे वयाच्या क्रमाने क्रूसाला ओठ लावून मागे सरले. दर वेळी बाई फडक्याने क्रूस पुसत होत्या. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर काय करायचं, हा प्रश्न मला आदल्या रात्रीपासून सतावत होता. मी हात जोडून वाकले, बाईंनी मान हलवली आणि क्रूस पुढच्याकडे वळवला. एवढंच. मागे कोपऱ्यात उभं राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही. फोटो मात्र विचारून काढा. दानाचं पाकीट घरचे देतात, पाहुण्याने वेगळं द्यायचं नसतं.

एका घरात पाच-दहा मिनिटं, फार नाही. टेबलावर पांढरा कपडा, पोर्ट वाइन, चीज, पाओ-दे-लो हा अंड्यांचा हलका केक आणि साखरेत घोळवलेले बदाम. केक सुरीने न कापता हाताने तोडून चीजबरोबर खाल्ला. बदामांतला एक प्रकार बघून मी थबकलेच, कारण तो हुबेहूब आपल्या संक्रांतीचा काटेरी हलवा! तो ईशान्येच्या तोर्रे द मोंकोर्वू गावचा. तिथे बायका बोटांत शिवणकामाची टोपणं घालून तापल्या तांब्याच्या परातीत बदाम हलवत राहतात आणि थोडा थोडा पाक घालत काटा आणतात, त्याला दिवसच्या दिवस लागतात. माझी आजी शेगडीवर हेच करायची, टोपणं तेवढी नव्हती.

फोलार नावाचा पाव प्रदेशागणिक बदलतो. कुठे गोड आणि वर कांद्याच्या सालीत उकडून तपकिरी केलेलं अख्खं अंडं, तर त्राझ-उज-मोंतिशकडे आत मांस भरलेलं. गॉडमदर-गॉडफादरने आपल्या धर्मलेकरांना ईस्टरला फोलार द्यायचा ही रीत अजून आहे. दुपारच्या जेवणाला लाकडाच्या भट्टीत भाजलेलं करडू आणि भात.

शाकाहारी मंडळींनी नीट लक्ष द्या. ‘मांस खात नाही’ एवढंच सांगितलंत तर पानात मासा येतो, आणि काल्दु वेर्द या कोबीच्या पानांच्या सूपमध्ये सॉसेजची चकती तरंगत असतेच. ‘सें कार्न, सें पैश’ असं दोन्ही सांगा, तेही आठवडाभर आधी कळवा. शुक्रवारी मांस वर्ज्य असल्याने सुका कॉड मासा होता, मावसबहिणीने बटाटे, कोबी, मक्याचा पाव आणि ऑलिव्ह तेलावर भागवलं. तिचं काही बिघडलं नाही, पण काकूंना फार वाईट वाटलं.

थंडीचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. ग्रॅनाइटची घरं बाहेरून देखणी आणि आतून गारठलेली. हीटर सगळ्या खोल्यांत नसतो, एप्रिलमध्ये पाऊसही असतोच. स्वेटर, लोकरी मोजे आणि घरात घालायच्या चपला न्या. आमच्याकडे गरम पाणी सिलिंडरच्या गॅसवर होतं, तेव्हा आंघोळ आटोपती घ्या. भाषेची अडचण वाटते तितकी येत नाही. तरुणांना इंग्रजी येतं, आणि फ्रान्सला कामाला जाऊन आलेले म्हातारे अस्खलित फ्रेंच बोलतात. भाषांतराचं अॅप ऑफलाइन उतरवून ठेवा.

सोमवारी सरकारी सुट्टी नसते, पण काही गावांत कोंपासो त्या दिवशीही फिरतो. आम्ही नाश्त्याला बसलो आणि टीव्हीवर पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. काकूंनी आवाज वाढवला, मग शेजारणीला फोन लावला, मग बहिणीला. कोणाच्या घरी राहिलं की असले दिवस हॉटेलच्या लॉबीत घालवावे लागत नाहीत. दुपारी त्यांनीच आम्हाला ब्रागाजवळच्या बों जेझुश दु मोंत या तीर्थस्थानी नेलं. पायऱ्यांचा हा डोंगर 2019 पासून जागतिक वारसा आहे, आणि तिथली 1882 ची केबल रेल्वे अजून पाण्याच्या वजनावर चालते. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो खाली येताना दुसरा वर जातो. गोव्याशी या ब्रागाचा एक जुना धागा आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश पुढे 1612 मध्ये ब्रागाचे आर्चबिशप झाले.

आता कागदपत्रं. घरी राहणार असाल तर व्हिसासाठी यजमानांकडून जबाबदारीपत्र लागतं, त्याला ‘तेर्मो द रेस्पोंसाबिलिदाद’ म्हणतात. ते वेळेत मागा, शेवटच्या आठवड्यात नको. विमा किमान 30,000 युरोचा हवा. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन गटातल्या दुसऱ्या देशातून आत शिरलात आणि हॉटेलऐवजी घरी उतरलात तर तीन कामकाजाच्या दिवसांत आगमनाची नोंद करायचा नियम आहे. यजमानांना बहुधा तो माहीत नसतो, कारण त्यांना कधी गरजच पडलेली नसते. ओळखीचं घर नसेल तर ‘तुरीझ्मु द आबितासाव’ म्हणून जुन्या वाड्यांत मालकाच्या कुटुंबाबरोबर पैसे देऊन राहता येतं, पोंत द लीमाच्या परिसरात असे वाडे बरेच आहेत. तिथे पासपोर्टची माहिती घेतात, त्यात काही विशेष नाही. मात्र आरक्षण करतानाच विचारा की ईस्टरला मालक घरी असतात का आणि कोंपासो येतो का. नाहीतर वाडा मिळेल आणि सण नाही.

2027 ला जाणारांसाठी शेवटचं. त्या वर्षी ईस्टर 28 मार्चला आहे, आणि त्याच पहाटे एक वाजता पोर्तुगालची घड्याळं एक तास पुढे जातात. मोबाइल आपोआप बदलतो, स्वयंपाकघरातलं घड्याळ नाही.